छोट्या क्लबात डुप्लिकेट ब्रिज चालवताना: टेबलं, हाक आणि गुणांचा कागद

पणजीला मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्यापासून गोव्यात पत्ते म्हटले की बऱ्याच जणांना जुगारच आठवतो. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष जोडीत सुवर्णपदक मिळवलं. तेव्हाही फोंड्याच्या बाजारात मला लोक विचारत होते, "पत्त्यांत कसलं पदक? ज्याला चांगली पानं येतील तो जिंकेल." या प्रश्नाला उत्तर आहे, ते म्हणजे डुप्लिकेट ब्रिज. टेबलावर चौघे, समोरासमोरचे दोघे भिडू: नॉर्थ-साउथ एक जोडी, ईस्ट-वेस्ट दुसरी. तीच ५२ पानं, तशीच वाटलेली, एकामागून एक सगळ्या टेबलांवर फिरतात. तुमची तुलना होते ती तुमच्याच दिशेला बसून तीच पानं खेळलेल्या जोड्यांशी. वाईट पानं आली तर ती सगळ्यांनाच वाईट आली.

मी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे मला हे परीक्षेसारखं दिसतं. प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच, आणि ती मध्येच कुठे फुटता कामा नये, बदलता कामा नये. ही जबाबदारी डायरेक्टरची, म्हणजे खेळ चालवून नियमांचा निर्णय देणाऱ्याची. क्लब लहान असला, सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत असले, तरी ती कमी होत नाही. उलट वाढते, आणि का वाढते ते पुढे आकड्यांनीच दाखवते.

आधी टेबलं मोजा

किती जण येणार हे फोनवर विचारलं तरी खरं चित्र सुरुवातीच्या वेळेलाच कळतं. पावसाळ्यात शिरोड्याहून, सावईवेऱ्याहून येणारे कधी अडकतात. चवथीच्या आधीच्या आठवड्यात तीन टेबलं भरली तरी पुष्कळ. म्हणून तीन, चार, पाच आणि सहा टेबलांचे तक्ते घरूनच तयार करून आणावेत. लोक बसल्यावर आकडेमोड सुरू केली की उशीर तिथूनच सुरू होतो.

पाच टेबलं जमली तर सगळ्यात सोपं. मिचेल पद्धत लावायची. नॉर्थ-साउथ जोड्या जागा सोडत नाहीत. फेरी संपली की ईस्ट-वेस्ट जोडी एक नंबर वरच्या टेबलावर जाते आणि बोर्ड, म्हणजे चौघांची वाटलेली पानं ठेवायचे खोके, एक नंबर खालच्या टेबलावर येतात. पहिल्या टेबलावर बोर्ड १ ते ४, दुसऱ्यावर ५ ते ८, असे पाचव्यावर १७ ते २०. पाच फेऱ्या झाल्या की प्रत्येक जोडी वीसही बोर्ड खेळलेली असते. एका बोर्डाला साडेसात मिनिटं धरावीत. म्हणजे चार बोर्डांची फेरी अर्ध्या तासाची, एकूण खेळ अडीच तासांचा. साडेचारला पहिली बोली लागली तर चहा धरून सव्वासातच्या सुमाराला लोक मोकळे होतात आणि पणजीकडे जाणाऱ्यांना कदंबची बस मिळते. २५ बोर्डांचा मोह मीही समजू शकते, पण तीन तासांनंतर लोक घड्याळाकडे बघत खेळतात आणि खेळाची प्रत ढासळते. वीस पुरे.

सम संख्येची टेबलं आली की मिचेल तसाच लावता येत नाही. जोडी एक टेबल वर, बोर्ड एक टेबल खाली, म्हणजे जोडीला दर फेरीला बोर्डांचा एकाआड एक गठ्ठा मिळतो. सहा टेबलांवर पहिल्या जोडीला पहिला, तिसरा, पाचवा गठ्ठा मिळाला की चौथ्या फेरीत पुन्हा पहिलाच समोर येतो. उपाय असा, की तिसरी फेरी संपल्यावर ईस्ट-वेस्ट जोड्यांनी एक टेबल ओलांडून त्याच्या पुढच्या टेबलावर बसायचं. मग पाच फेऱ्या नीट पार पडतात. प्रत्येक ईस्ट-वेस्ट जोडीची एका नॉर्थ-साउथ जोडीशी गाठ पडत नाही आणि बोर्डांचा एक गठ्ठा राहून जातो, एवढंच. तिसऱ्या फेरीनंतर मी उभी राहून "आता एक टेबल ओलांडा" असं मोठ्याने सांगते. कागदावर लिहून भागत नाही, लोक गप्पांच्या नादात नेहमीच्याच टेबलावर जाऊन बसतात.

चार टेबलांना हॉवेल ही दुसरी पद्धत: आठ जोड्या, सात फेऱ्या, तीन तीन बोर्ड, एकूण २१. तीन टेबलांनाही हॉवेलच: सहा जोड्या, पाच फेऱ्या, चार चार बोर्ड. यात बहुतेक जोड्या दिशाही बदलतात, म्हणून प्रत्येक टेबलावर पुढे कुठे जायचं याचं छापील कार्ड हवंच. फायदा असा, की शेवटी एकच यादी लागते. मिचेलमध्ये नॉर्थ-साउथचा विजेता वेगळा आणि ईस्ट-वेस्टचा वेगळा, हे नव्या माणसांना सुरुवातीलाच सांगून ठेवा.

पाच टेबलांत एक जोडी कमी पडली तर रिकामी जागा नॉर्थ-साउथला ठेवावी. मग प्रत्येक ईस्ट-वेस्ट जोडीला एकेक फेरी विश्रांती मिळते. त्यांची टक्केवारी खेळलेल्या १६ बोर्डांवर काढायची.

बोर्ड आणि पानं

गोव्याच्या दमट हवेत कागदी पत्ते जून उजाडला की फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि वाटताना दोन पानं एकदम पडतात. पूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते घ्या. पहिल्यांदा महाग वाटतात, पण टिकतात आणि पुसता येतात. खेळ झाल्यावर बोर्ड घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावेत. भजी आणि चहा टेबलापासून दूर, मधल्या सुट्टीत. तेलकट बोटांनी धरलेलं पान नंतर पाठीवरून ओळखू येतं, आणि ओळखू येणारं पान म्हणजे तो संच बाद.

पहिल्या फेरीआधी पानं भरपूर पिसायची आणि एकेक करून चार ढिगांत वाटायची. गठ्ठ्यात लागून असलेली दोन पानं एकाच ढिगात जाता कामा नयेत. आधीच्या खेळातले हात नुसते एकत्र करून वर वर कातरले तर वाटप एकसुरी होतं. प्रत्येक बोर्डावर वाटणारा (पहिली बोली त्याची) कोण आणि व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त असलेली बाजू) कोण हे छापलेलं असतं: १ नंबरला नॉर्थ वाटणारा आणि कोणीच व्हल्नरेबल नाही, २ ला ईस्ट आणि नॉर्थ-साउथ व्हल्नरेबल, ३ ला साउथ आणि ईस्ट-वेस्ट, ४ ला वेस्ट आणि दोन्ही. सोळा बोर्डांनंतर हे चक्र पुन्हा पहिल्यापासून चालतं.

बोर्डातून पानं काढली की ती बघण्याआधी पालथीच तेरा मोजायची. हा नियम आहे आणि तो सगळ्यात जास्त मोडला जातो. एकाकडे १४ आणि दुसऱ्याकडे १२ हे पानं बघण्याआधी कळलं तर डायरेक्टर दोन मिनिटांत दुरुस्त करतो. बोली झाल्यावर कळलं तर कधी कधी तो बोर्ड त्या टेबलापुरता हातातून जातो. खेळताना प्रत्येकाने आपलं पान आपल्यासमोरच ठेवायचं, जिंकलेला हात, म्हणजे चौघांच्या एकेका पानाची फेरी, भिडूच्या दिशेने उभा, हरलेला आडवा. किती हात झाले यावर चौघांचं एकमत होईपर्यंत पानं गोळा करू नयेत. रिव्होकचा (उतारीचा रंग जवळ असूनही दुसरंच पान टाकण्याचा) किंवा हातांच्या संख्येचा वाद झाला तर ही रांगच माझा पुरावा असते.

गुणांचा कागद

वायरलेस यंत्रं मोठ्या क्लबांत असतात. पाच टेबलांना बोर्डासोबत फिरणारा कागद, म्हणजे ट्रॅव्हलर, पुरतो. नॉर्थ लिहितो, ईस्ट-वेस्टपैकी एकाने वाचून मान डोलवायची. वर पंखा असेल तर कागद बोर्डाला क्लिपने लावा. आणि आधीच्या टेबलांचे निकाल पुढच्यांना खेळण्याआधी दिसू नयेत म्हणून कागद घडी घालूनच फिरवा.

मोजणी अशी. बोर्ड ७ घेऊ. साउथ वाटणारा, दोन्ही बाजू व्हल्नरेबल. ४ इस्पिक म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरापैकी दहा हात जिंकण्याची बोली, ३ इस्पिक म्हणजे नऊची. पाच टेबलांचे निकाल, नॉर्थ-साउथच्या बाजूने:

टेबल १: ४ इस्पिक, बरोबर दहा हात, ६२०
टेबल २: ४ इस्पिक, अकरा हात, ६५०
टेबल ३: ३ इस्पिक, दहा हात, १७०
टेबल ४: ४ इस्पिक, एक हात कमी, उणे १००
टेबल ५: ४ इस्पिक, बरोबर दहा हात, ६२०

ज्या जोडीला मागे टाकलं तिच्यासाठी २ मॅचपॉइंट, बरोबरी झाली तर १. सर्वांत वरचा गुण ८. म्हणून टेबल २ ला ८, टेबल १ आणि ५ ला ५-५, टेबल ३ ला २, टेबल ४ ला ०. ईस्ट-वेस्टला ८ मधून उरतील तेवढे: ०, ३, ३, ६, ८, ज्याचे त्याला. ताळा सोपा आहे. पाच टेबलांचा पूर्ण खेळ असेल तर प्रत्येक बोर्डावर नॉर्थ-साउथची बेरीज २० यायलाच हवी. आली नाही तर पुढच्या बोर्डाकडे जाऊ नका. वीस बोर्डांचे जास्तीत जास्त १६० होतात. ९२ मिळाले तर ५७.५ टक्के.

मांडताना डोळे उघडे ठेवले तर बऱ्याच चुका कागदावरच सापडतात. नॉर्थ-साउथ व्हल्नरेबल असताना त्यांचा ४ इस्पिकचा निकाल ४२० लिहिला असेल तर तो चुकीचा. चार टेबलांवर नॉर्थ-साउथ अधिक ६२० आणि एकावर उणे ६२० असेल तर बहुधा रकाना चुकला आहे, किंवा बोर्ड टेबलावर फिरवून ठेवला गेला. अंदाजाने दुरुस्ती मात्र करायची नाही. दोन्ही जोड्यांना विचारायचं, ते हो म्हणाले तरच आकडा बदलायचा.

हाक मारणं म्हणजे तक्रार नव्हे

आता मुद्द्याचं. आमच्यात कोणी कोणाचे भाई, कोणाच्या वहिनी, कोणी कोणाच्या मुलाचे शिक्षक. अशा ठिकाणी "डायरेक्टर!" म्हणून हात वर करायला लोकांना संकोच वाटतो.

समजा बोर्ड ७ वर, टेबल २ ला साउथ म्हणून एक वडीलधारे डॉक्टर खेळत होते. हातात चौकट असताना त्यांनी चौकटच्या उतारीवर इस्पिकचा हुकूम मारला, तो हात जिंकला आणि पुढे खेळून पुढचेही हात घेतले. खेळ संपताना ईस्टच्या लक्षात आलं, ती बोलूनही गेली, पण लगेच म्हणाली, "राहू दे, दोतोरांना कशाला." आणि कागदावर ६५० लिहिले गेले.

हाक मारली असती तर? रिव्होक करणाऱ्याने तो हात स्वतः जिंकला होता आणि नंतर त्याच्या बाजूने आणखी हात घेतले होते, तेव्हा दोन हात दुसऱ्या बाजूला गेले असते. अकराचे नऊ. म्हणजे उणे १००. आता नॉर्थ-साउथची मांडणी पुन्हा करा: टेबल १ आणि ५ ला ५ ऐवजी ७, टेबल ३ ला २ ऐवजी ४, टेबल ४ ला ० ऐवजी १, आणि टेबल २ लाही १. बेरीज पुन्हा २०. म्हणजे ईस्टच्या त्या सौजन्याने टेबल १, ३ आणि ५ च्या नॉर्थ-साउथ जोड्यांचे प्रत्येकी २ गुण गेले. त्या जोड्यांना तर टेबल २ वर काय घडलं हे ठाऊकही नव्हतं. ईस्ट दुसऱ्यांच्या ताटातलं वाढत होती.

म्हणून नियम स्पष्ट आहे. चूक बोलून दाखवली गेली की डायरेक्टरला लगेच बोलवायचं आणि दंड काय, तो माफ की नाही, हे खेळाडूंनी आपसांत ठरवायचं नाही. ज्यांचं नुकसान झालं त्यांना दंड माफ करा अशी विनंती करता येते, पण ती डायरेक्टरला, आणि निर्णय त्याचा.

टेबलापाशी गेल्यावर मी पहिलं वाक्य ठरवून ठेवलं आहे: "काय झालं, एकेकाने सांगा." कोणाची चूक हा शब्द मी काढत नाही. मग पुस्तक उघडून नियम वाचते. डुप्लिकेट ब्रिजच्या नियमांची २०१७ ची संहिता छापून जवळ ठेवा, पाठ असली तरी वाचूनच दाखवा. छापील ओळ ऐकली की समोरच्याला निकाल माणसाने नाही, नियमाने दिला असं वाटतं, आणि वयाने मोठ्या माणसाचाही मान राहतो.

वरचेवर येणारे प्रसंग थोडेच आहेत.

चुकीच्या बाजूची पहिली उतारी, पान उघडं पडलेलं. डिक्लेअररपुढे, म्हणजे ठरलेली बोली पुरी करायला खेळणाऱ्यापुढे, पाच वाटा असतात आणि त्या पाचही सांगून झाल्याशिवाय त्याला निवडू देऊ नका. आपलीच पानं टेबलावर मांडून भिडूला खेळू द्यायचं; किंवा उतारी मान्य करून डमी, म्हणजे भिडूची पानं, उघडायला लावायचा आणि दुसरं पान आपल्या हातातून खेळायचं; किंवा ते पान दंडाचं पान (संधी मिळताच खेळावंच लागणारं) म्हणून उघडं ठेवून खऱ्या उतारीवाल्याला हवं ते उतरू द्यायचं; किंवा त्याच रंगाची उतारी मागायची; किंवा त्या रंगाची उतारी मना करायची. शेवटच्या दोन वाटांत ते पान पुन्हा हातात जातं. पहिली उतारी पालथी टाकण्याची सवय लावली की चुकीचं पान डायरेक्टरच्या सांगण्यावरून निमूट परत घेता येतं. मी ही सवय प्रत्येक नव्या खेळाडूला पहिल्याच दिवशी लावते.

अपुरी बोली, म्हणजे १ इस्पिकवर १ बदाम. आधी डावीकडच्याला विचारायचं, ती मान्य आहे का. नसेल तर २ बदाम केल्यास खेळ विनादंड पुढे चालतो. तोच अर्थ देणारी दुसरी बोली असली तरी चालते. दुसरं काही केलं तर भिडूला उरलेल्या बोलीत पास राहावं लागतं. टेबलावर कोणी "अरे, दोन कर ना" म्हणण्याआधी तुम्ही तिथे पोहोचायला हवं.

रिव्होकचा पुढच्या हाताआधी पत्ता लागला तर तो दुरुस्त करायचाच, बचाव करणाऱ्याचं पडलेलं पान दंडाचं होतं. रिव्होक पक्का झाला तर दंड दोन हातांचा की एकाचा, हे रिव्होकचा हात त्याच खेळाडूने जिंकला होता का यावर ठरतं. त्या बाजूने त्या हातापासून पुढे काहीच जिंकलं नसेल तर दंड नाही.

रेंगाळून केलेला पास सर्वांत नाजूक. विचार करणं गुन्हा नाही. भिडूने त्या विचाराचा फायदा घेणं हा गुन्हा. तेव्हा खेळ थांबवू नका, रेंगाळणं झालं होतं यावर चौघांचं म्हणणं ऐकून ठेवा आणि शेवटी बोर्ड बघून, एक-दोन जाणत्या खेळाडूंना ती पानं विचारून निर्णय द्या.

माझे यजमानही खेळतात. त्यांच्या टेबलावर असा निर्णय द्यायचा असला की मी तो दुसऱ्या जाणत्या खेळाडूकडे सोपवते, आणि हे खेळ सुरू होण्याआधीच जाहीर केलेलं असतं. डायरेक्टर स्वतः खेळत असेल तर त्याने टेबल १ ला नॉर्थ-साउथ बसावं, म्हणजे तो जागचा हलत नाही. आपण न खेळलेल्या बोर्डाची हाक आली तर पानं न बघता नियम सांगावा; बघावीच लागणार असतील तर तो बोर्ड खेळून झालेल्या कोणाला पाठवावं.

वेळ आणि निकाल

फेरीला पाच मिनिटं उरली की मी घंटा वाजवते. त्यानंतर नवा बोर्ड सुरू करायचा नाही. राहिलेला बोर्ड शेवटी खेळता आला तर उत्तम. नाहीच जमला तर निर्दोष जोडीला ६० टक्के, उशिराला जबाबदार जोडीला ४०, थोडा थोडा दोष दोघांचा असेल तर ५०. वीज गेली तर घड्याळ थांबवून दिवे लागेपर्यंत सगळ्यांनी पानं पालथी ठेवायची. आणि मधल्या चहाला चुकूनही बोर्डांवर चर्चा नको. "तुम्ही सातला स्लॅम (बारा किंवा तेरा हातांची बोली) केला का?" एवढा प्रश्नही पुढच्या फेरीत तो बोर्ड खेळणाऱ्याच्या कानावर गेला तर तिथली तुलना गेली. अशा वेळी ऐकणाऱ्याने गुपचूप मला येऊन सांगावं. मग त्या टेबलापुरतं काय करायचं ते मी बघते.

निकाल त्याच रात्री ग्रुपवर टाकते, फक्त क्रमवारी नाही, प्रत्येक बोर्डाचे सगळे आकडे. लोकांना स्वतः ताळा करता यायला हवा. वेगळी मुदत जाहीर केली नसेल तर गुणांची दुरुस्ती निकाल पाहायला मिळाल्यापासून ३० मिनिटांत मागावी लागते. रात्री निकाल वाचायला सगळे जागे नसतात, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंतची मुदत आधीच जाहीर करून ठेवली आहे. तोवर ट्रॅव्हलर फाडायचे नाहीत आणि बोर्डांतली पानंही पिसायची नाहीत. कोणी "बोर्ड १३ ला आमचे दहा हात होते" म्हणून फोन केला तर डबा उघडून चौघांचीही पानं समोर मांडता येतात.